डॉक्टरांनी लिहिलेला आराम आणायचा कुठून?



या वेळचे सदर घरातल्या पुरुष मंडळींनी आधी वाचावे आणि मग पान बायकांच्या हाती द्यावे, अशी आमची विनंती आहे. एरवी कौटुंबिक पान आले की बांधव ते उलटून थेट सभा-संमेलनांच्या बातम्यांकडे वळतात. आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर दर आठवड्याला हेच चालते, म्हणून खात्रीने सांगतो.

गरोदर बाईच्या केस पेपरवर डॉक्टर गोळ्या लिहितात, सोनोग्राफी लिहितात, रक्त तपासायला सांगतात आणि खाली एक शब्द लिहितात, 'आराम'. गोळ्या मेडिकलमधून आणता येतात. सोनोग्राफीसाठी नंबर लावता येतो. आराम कोणत्या दुकानात मिळतो? आणि त्या बाईच्या कडेवर नुकतेच आजारातून उठलेले दीड वर्षाचे लेकरू असेल, तर तिने तो आराम कसा करायचा? मागच्या वर्षी विक्रोळी पार्कसाइटला आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात हा प्रश्न उभा राहिला. त्यांची परवानगी घेऊन, नावगाव न देता, जे घडले ते इथे मांडत आहोत.

बाईचे वय सव्वीस. पहिली मुलगी एकोणीस महिन्यांची, तीही सिझर होऊन झालेली. दुसऱ्या खेपेला सातवा महिना लागला होता. मुलीला न्यूमोनिया झाला, आठ दिवस दवाखान्यात काढले. आईने ते आठही दिवस खाटेच्या कडेला बसून काढले. मुलगी घरी आली आणि पाचव्या दिवशी सकाळी आईच्या अंगावरून लाल गेले. पोटात दुखत नव्हते, म्हणून तिने कोणाला सांगितले नाही. धुणे धुतले, मुलीला औषध पाजले आणि दुपारी शेजारणीला सहज बोलल्यासारखे सांगितले. शेजारीण शहाणी, तिने तसेच दवाखान्यात नेले. सोनोग्राफीत निघाले की वार खाली आहे.

वार खाली म्हणजे काय, हे आपल्या वस्तीत अनेकींना माहीत नसते. बाळाला आईच्या रक्तातून पोसणारी वार बहुधा गर्भाशयाच्या वरच्या भागात चिकटलेली असते. ती खाली, गर्भाशयाच्या तोंडावर किंवा तोंडाजवळ असली, तर मधेच रक्त जाऊ लागते. बहुतेक वेळा ते न दुखता जाते आणि फसगत होते ती इथेच. दुखत नाही म्हणजे काही नाही, असा आपल्या बायकांचा समज. आधी सिझर झालेले असेल तर वार खाली असण्याचा धोका वाढतो. पाचव्या महिन्यात वार खाली दिसली तरी गर्भाशय वाढते तशी ती पुष्कळदा वर सरकते, म्हणून घाबरून जायचे कारण नाही. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करून पाहतात. पण ती तोंडावरच राहिली तर सिझर करावेच लागते, आणि तेही जिथे रक्ताची सोय आहे अशा मोठ्या रुग्णालयात. या बाईचे हिमोग्लोबिन ८.४ होते. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेले की रक्त कमी समजतात. आधीच रक्त कमी आणि वरून रक्त जाण्याचा धोका, असा हा मामला होता.

तीन दिवस ठेवून घेतले, रक्त थांबले, घरी सोडले. कागदावर 'आराम' लिहिलेले होते.

आम्ही तिच्या नवऱ्याला घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिलो आणि डॉक्टरीणबाईंना विचारले, मॅडम, आराम म्हणजे नेमके काय? त्या आधी जरा वैतागल्या, बाहेर शंभर बायका बसलेल्या, त्यांचेही खरेच. पण मग त्यांनी पाच मिनिटे दिली आणि ती पाच मिनिटे पुढे आठ आठवडे पुरली. दिवसभर खाटेला खिळून राहायचे नाही, त्याने फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही, उलट पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. घरात हिंडावे-फिरावे, बसून भाजी निवडावी. मात्र जड काही उचलायचे नाही, पाणी घेऊन चढायचे नाही, लांबचा प्रवास नाही, नवऱ्याने जवळ जायचे नाही, रात्री एकटे राहायचे नाही. पुन्हा थोडे जरी रक्त गेले, तरी 'थांबते का बघू' न म्हणता निघायचे. आणि कोठेही गेले तरी वार खाली आहे हे आधी सांगायचे, म्हणजे कोणी आतून तपासणी करणार नाही. वाचक भगिनींनो, प्रत्येकीचा आराम वेगळा असतो. रक्तदाब वाढलेल्या बाईला वेगळे सांगतील, दिवस भरण्याआधी कळा येणाऱ्या बाईला वेगळे. म्हणून हा प्रश्न स्वतः विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

आम्ही पडलो कारकून. घरी येऊन कागद काढला आणि जड म्हणजे किती, याचा हिशेब केला. पंधरा लिटरची बालदी भरली की पाण्याचेच पंधरा किलो. गॅसचा भरलेला सिलिंडर, आतला १४.२ किलो गॅस आणि लोखंड मिळून, तीसेक किलो. लेक आजारपणात वाळली होती तरी साडेआठ किलो, आणि ती दिवसातून किती वेळा कडेवर बसते याची मोजदाद कोणी केलेली नाही. टेकडीवरची वस्ती, नळ खाली, खोली वर, मध्ये पायऱ्या. हे सगळे आतापर्यंत एकटी बाई उचलत होती. नवरा गोदामात कंत्राटी कामगार, रात्रपाळीला. सासूबाईंचे गुडघे गेलेले. सासूबाईंनी सुचवले की तिला गावी पाठवून देऊ, तिथे तिची आई आहे, आराम मिळेल. माया होती त्या बोलण्यात. पण गाव मराठवाड्यातले, रात्रभराची गाडी, आणि तिथून सिझरची आणि रक्ताची सोय असलेला दवाखाना लांब. एसटीत रक्त जाऊ लागले तर काय करणार? गावी जाण्याचा विषय तिथेच संपवला. त्याऐवजी गावाकडून आईला बोलावले, ती पुढे पंधरा दिवसांनी आली.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही तो कागद सगळ्यांपुढे ठेवला. पाणी कोण भरणार, सिलिंडर कोण चढवणार, मुलीला तपासायला कोण नेणार, नवरा कामावर असताना घरात कोण थांबणार. थोडा वेळ कोणी बोलेना. मग एक बांधव म्हणाले, "दादा, हे बायकांचं बायका बघून घेतील." हेच बांधव चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दोन मणांचा लाउडस्पीकर एकट्याने हातगाडीवर चढवतात. आम्ही त्यांना तसे बोलून दाखवले आणि सिलिंडरपुढे त्यांचे नाव लिहिले. ते हसले. पण सिलिंडर त्यांनीच चढवला. पाण्यापुढे शेजारच्या खोलीतल्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलाचे नाव आले, पहाटे साडेपाचला दोन हंडे. नवऱ्याने दिवसपाळी मागून घ्यावी असे ठरले. भत्ता बुडेल, असे तो म्हणाला. आम्ही म्हटले, बुडू दे.

दुपारचा प्रश्न राहिला. कोपऱ्यातल्या खोलीतली एक आजी, सत्तरीच्या पुढची, मघापासून धुसफुसत होती. "आमच्या येळंला कुठला आला आराम? सात बाळंतपणं काढली म्या. सातव्या म्हैन्यापतूर खडी फोडली." आम्ही विचारले, आजी, सातातली आज किती आहेत? आजी बोटे मोजू लागली. मोजता मोजता थांबली, पुन्हा पहिल्या बोटापासून मोजली आणि म्हणाली, "चार." मग बराच वेळ ती काही बोलली नाही. सगळे उठू लागले तेव्हा म्हणाली, "दुपारचं पोरगी माझ्यापाशी ठिवा."

आता लेकीबद्दल. न्यूमोनियातून उठलेल्या मुलाला घरी आणले की घरच्यांना वाटते, झाले बरे. ताप उतरला की औषधाची बाटली फडताळात जाते. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध पूर्ण झाले पाहिजे. मूल झोपलेले किंवा शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. एक वर्षावरच्या, पाच वर्षांखालच्या मुलाचे ते ४० किंवा अधिक भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, मूल पीत नसेल किंवा मलूल पडले, तर थेट दवाखाना. हे मोजायला आम्ही नवऱ्याला शिकवले. दोन दिवस त्याचा आकडा रोज वेगळा यायचा, मग हात बसला. आजारानंतर मुलाला भूक मागाहून लागते, म्हणून निदान दोन आठवडे रोज एक वेळचे खाणे जादा द्यावे. वरणात कालवलेला भात आणि वर तेल, अंडे, केळे, शेंगदाण्याचा बारीक कूट घातलेली लापशी, जे घरात असेल ते. खोलीत विडी-सिगारेट नाही, डासांची कॉइल नाही. आमच्या काही बांधवांना विडी बाहेर ओढायला सांगणे हे सिलिंडर चढवायला सांगण्यापेक्षा अवघड गेले.

एक गोष्ट फार महत्त्वाची. आईला रोज लोहाच्या गोळ्या सुरू होत्या, एकेका पाकिटात दहा-दहा, लाल, चकचकीत. एकोणीस महिन्यांच्या मुलीला त्या पेपरमिंटसारख्या दिसतात. लहान मुलाने अशा मूठभर गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतते. आईच्या गोळ्या उशीखाली ठेवायच्या नाहीत. त्या वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. ही गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर चालते, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

पण लेकीला यातले काय कळणार? तिला एवढेच कळले की आई आता उचलत नाही. ती दारात उभी राहून हात वर करायची आणि आईने हात पुढे केले नाहीत की जमिनीवर लोळण घ्यायची. आई रडायची. सासूबाई म्हणायच्या, लाडावली आहे. आठ दिवस सुया टोचून घेतलेले, रात्री नळ्या लावून झोपलेले मूल आईला चिकटणारच, त्याला लाड म्हणू नये. यावर तोडगा त्या आईनेच काढला. तिने खाटेवर बसणे सोडले आणि जमिनीवर गादी टाकली, भिंतीला टेकून बसू लागली. लेक आपली आपण चालत यायची आणि कुशीत शिरायची. कडेवर घेणे बंद झाले, जवळ घेणे बंद झाले नाही. अंगावरचे दूध मात्र सोडवायचे ठरले, डॉक्टरीणबाईंना विचारून. आमच्याकडे त्यासाठी कडुनिंब लावतात, मिरचीही लावतात. आजारातून उठलेल्या लेकराला तो धक्का देऊ नये असे आम्हाला वाटते. त्यांनी दुपारचे पाजणे आधी सोडवले, कारण दुपारी ती आजीकडे असायची. मग हळूहळू रात्रीचे.

आजीकडे ती पहिले चार दिवस रडली. पाचव्या दिवसापासून आजीच्या पदराला धरून झोपू लागली. या सवयीचा उपयोग पुढे कसा झाला ते सांगतो, पण त्याआधी पैशाचे.

ही बाई एका कारखान्यात पॅकिंगचे काम करीत होती. लेक आजारी पडल्यापासून कामावर गेली नव्हती. मुकादमाने निरोप धाडला, यायचे नसेल तर नाव कमी करतो. आम्ही तिची पगाराची चिठ्ठी मागितली. त्यात दर महिन्याला ईएसआयचे पैसे कापलेले होते आणि तिला ते कशाचे हे कधी कोणी सांगितलेले नव्हते. कार्ड तर तिने पाहिलेही नव्हते. चिठ्ठी बघून आम्हाला आनंदच झाला, बी.कॉम. झाल्याचे सार्थक अशा वेळी वाटते. ईएसआयमध्ये पुरेसे दिवस भरलेले असतील, तर पहिल्या दोन मुलांपर्यंत प्रसूतीसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात. शिवाय गरोदरपणामुळे आजार उद्भवला, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिना. तिचे दिवस पुरेसे भरत होते. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून तो एक महिना, आणि बत्तिसाव्यापासून प्रसूतीची रजा. हिशेब असा जुळला की जणू तिच्यासाठीच कोणी मांडून ठेवला होता. अर्ज आम्ही लिहिला, पोचही घेतली. पोच नसलेला अर्ज हा अर्ज नव्हे. मुकादमाची भाषा त्यानंतर बदलली. ईएसआय नाही पण दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत अशा ठिकाणीही, वर्षात ८० दिवस काम केलेले असेल तर हाच हक्क आहे. १९६१ च्या कायद्याने तो दिला, २०१७ साली १२ आठवड्यांचे २६ झाले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. घरकाम करणाऱ्या आपल्या भगिनी मात्र यातून सुटतात, आणि वस्तीत त्याच जास्त आहेत.

या रजेमागे बाबासाहेबांचा शब्द आहे, हे आपल्या किती घरांत सांगितले जाते? १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने व मालकाने उचलावा, असे त्यांनी मांडले. १९२९ साली कायदा झाला. तो गिरणी-कारखान्यातल्या बाईसाठी होता. घरात जी बाई पाणी भरते, तिचा मालक कोण आणि तिच्या विश्रांतीचा भार कोणी उचलायचा, हे कोणत्या कायद्यात लिहिणार? ते आमच्या त्या कागदावर लिहावे लागले.

तेहतिसाव्या आठवड्यात, रात्री दीड वाजता पुन्हा रक्त गेले, या वेळी जास्त. पिशवी भरून ठेवलेली होती. तीत फाइल, सोनोग्राफीचे कागद, आधार, रक्तगटाची चिठ्ठी, साडी, जुन्या सुती कापडाचे तुकडे. १०८ ला फोन झाला. चार पोरांनी तिला खुर्चीत बसवून पायऱ्या उतरवल्या, त्यात तो पाणी भरणारा मुलगा होता. लेक जागी झाली, पण आजीने नेहमीसारखा पदर पुढे केला आणि ती तिच्याकडे गेली. तीन-चार आठवड्यांची दुपारची सवय नसती, तर त्या रात्री त्या लेकराचे काय झाले असते, हा विचार आमच्या मनात अजून येतो.

रुग्णालयात बाळाची फुप्फुसे पक्की व्हावीत म्हणून आईला इंजेक्शने दिली. रक्त थांबले, पण आता घरी सोडणार नाही म्हणाले. तीन आठवडे ती तिथेच. वस्तीतल्या चौघांनी रक्तदान केले. एका औषधाची चिठ्ठी बाहेरून आणण्यासाठी हातात आली, तेव्हा आम्ही नम्रपणे विचारले की सरकारी रुग्णालयात गरोदर बाईला सिझर, औषधे, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत देण्याचे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून ठरलेले आहे ना? औषध आतून मिळाले. भांडण करावे लागले नाही, विचारावे मात्र लागले. लेकीला वॉर्डात सोडत नव्हते. आईने वापरलेली एक साडी घरी पाठवली, लेक ती पांघरून झोपायची. संध्याकाळी बाप तिला मोबाइलवर आई दाखवायचा. पहिल्या दिवशी तिने मोबाइल फेकला, नंतर त्याच्यावर ओठ टेकवू लागली.

छत्तिसाव्या आठवड्यात सिझर झाले. मुलगा, वजन २.२ किलो. आईला दोन पिशव्या रक्त चढले. बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला शिकवले, आणि आईला टाके दुखत तेव्हा बापाच्या छातीशी. बाप आधी लाजला. वॉर्डातल्या बायका बघत होत्या. मग बटणे काढून बसला.

घरी आल्यावर लेकीला खोकला असला की तिला बाळापासून लांब निजवतात आणि सगळे हात धुऊनच बाळाला घेतात. आजारपणात तिची गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा राहिली होती, ती सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायची असते. एकविसाव्या महिन्यात आजीनेच नेऊन ती टोचून आणली आणि कार्ड आम्हाला दाखवायला आली. तिला वाचता येत नाही, शिक्का कुठे आहे ते तिने बोटाने दाखवले.

डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना नवऱ्याला आत बोलावून सांगितले होते की दोन सिझर आणि वार खाली, यापुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यांत रुतून बसण्याचा धोका फार वाढतो, तेव्हा आता पुरे. नवरा म्हणाला, हिचे ऑपरेशन करून टाकायचे ना? त्या म्हणाल्या, हिचे पोट दोनदा फाडून झाले आहे, तुमचे का नको? पुरुषाची नसबंदी टाक्याविना होते, जागा तेवढी बधिर करतात, त्याच दिवशी घरी जाता येते. तीन महिने निरोध वापरून मग वीर्य तपासून घ्यावे लागते, एवढेच पथ्य. ताकद जात नाही, ओझीही पूर्वीसारखीच उचलता येतात.

हे आम्ही नंतर मंडळाच्या बैठकीत सांगितले तेव्हा पुन्हा शांतता पसरली. बैठक संपल्यावर तिघे जण एकेकटे येऊन कानात विचारून गेले. त्यातले दोघे अजून विचारच करताहेत. तिसरा शुक्रवारी जाऊन आला आणि सोमवारी कामावर गेला. तो कोण, हे आम्ही सांगणार नाही. त्याच्या बायकोने मात्र साऱ्या गल्लीला सांगितले आहे.